फुटामागं पाव इंच

सोमवारी प्रभाकर आढावांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली. गुरुवारी त्यांची बायको वारली. शनिवारी तिला पुरताना पेटी कबरीत उतरली नाही.

पेटी त्यांनी स्वतः केली होती. बायकोच्या, रूथबाईंच्या, आईवडिलांची विटांनी बांधलेली जुनी कबर होती, तीच उघडायची ठरली. कबर खणणाऱ्यानं आतली लांबी सांगितली, सहा फूट, आणि बजावलं की पेटी इंचभर कमी ठेवा. आढावांनी इंचभर कमीच ठेवली. पण दोर सैल सोडले तेव्हा पायाकडची बाजू खाली गेली आणि डोक्याकडची वरच अडकून राहिली. खणणारा गुडघ्यावर बसला, त्यानं फटीत बोट घालून पाहिलं आणि वर बघून म्हणाला, "स्वल्प दोड्डदायितु, सार." थोडी मोठी झाली. मग पेटी परत वर घेतली, दोघं पहारी घेऊन खाली उतरले आणि विटा फोडू लागले. तेवढ्या वेळात आम्ही तीन गाणी म्हटली. चौथं कुणाला सुचलं नाही. आढाव दोराचं टोक हातात धरून उभे होते, ते कुणी घ्यायला गेलं तरी त्यांनी दिलं नाही.

नंतर आमच्या घरी चहाला बसल्यावर ते माझ्या आईला म्हणाले, "पोलादाची पट्टी घेतली मी, मावशी. ती काय पोलादाची नव्हती."

आईला कळलं नाही. मलाही पुढं कित्येक महिन्यांनी कळलं. आढाव एका सरकारी कारखान्यात एकोणतीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये होते. यंत्राचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात. त्याच्याभोवती वाळू ठासून नमुना काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओततात. पोलाद थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, याची आकडेमोड करत बसायला नको म्हणून ह्या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा पाव इंचानं लांब असतो. दिसायला ती कुठल्याही पट्टीसारखीच दिसते. एकोणतीस वर्षं हाताला तीच माहीत. सोमवारी त्यांनी ती हत्यारांच्या पिशवीतून घरी आणली होती. शुक्रवारी सकाळी लाकूड समोर आलं तेव्हा हातानं तीच उचलली.

आढाव नगरकडचे, माझी आईही तिकडचीच. बंगळुरात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे पंधरा-सोळा घरं. दुसऱ्या एका मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, आम्हाला रविवारी दुपारी दोन ते साडेतीन मिळायचं. त्यांची फुलं, त्यांच्या गाण्यांचे आकडे फळ्यावर तसेच असायचे, त्यांच्याखाली बसून आम्ही आमची उपासना करायचो. आढाव कायम डावीकडच्या शेवटच्या बाकावर. ठेंगणे, रुंद हातांचे, शर्टाच्या खिशात चपटी पेन्सिल. बसण्याआधी बाकाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवायचे. कुणाच्याही घरी गेले तरी टेबल असो, दाराची चौकट असो, आधी अंगठा फिरायचा आणि मगच "सलाम" यायचा. आई म्हणायची, "हा माणसांना नंतर भेटतो."

कारखान्यात नवी यंत्रं येऊ लागली होती आणि पंचेचाळिशीपुढच्यांना सोडून जायला सांगत होते. पण आढावांनी सही केली ती त्यासाठी नाही. त्यांना पाळक व्हायचं होतं, एखाद्या मंडळीचा धर्मगुरू.

सतरा वर्षांचे असताना नगरकडे कुठल्याशा उन्हाळी सभेत उपदेशकानं विचारलं होतं, प्रभूच्या कामाला कोण आयुष्य देतो, त्यानं हात वर करावा. ह्यांनी हात वर केला. त्याच महिन्यात मामाचं पत्र आलं की बंगळूरच्या कारखान्यात शिकाऊ मुलं घेताहेत. "देवानं हात पाहिला होता, ताई," ते मला म्हणाले होते, "आणि मी गाडीत बसलो." मग नोकरी, लग्न. मूलबाळ झालं नाही. रूथबाईंशी बोलून ठरलं होतं की निवृत्तीनंतर दोघांनी जायचं, लहान गावात एखादी मंडळी असेल तिथं. त्यांनी उपदेश करायचा, तिनं बायकांना वाचायला शिकवायचं. सोमवारी सही करून ते घरी गेले तेव्हा रूथबाईंनी केळ्याची शिकरण केली होती म्हणे.

मी एका ईश्वरविज्ञान विद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आढाव तीन महिन्यांनी प्रवेशअर्ज घेऊन आले. प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं की पस्तिशीच्या पुढं प्रवेश देत नाही. मंडळींनाही तरुण पाळक हवे असतात. बाहेर येऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. अंगठा कडेवरून फिरला.

"ताई, पुस्तकं तर वाचू देतील ना?"

"देतील की. त्याला वयाची अट नाही."

"मग तुमच्याकडं काही आहे का? उशीर झालेल्याला देव काय काम देतो, असं?"

मी कार्डांच्या खणात पाहिलं. 'पाचारण', म्हणजे देवाचं बोलावणं, ह्या शब्दाखाली तीन पुस्तकं होती. तिन्ही तरुणांसाठी लिहिलेली. मी ती त्यांना दिली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते दर गुरुवारी यायचे. रूथबाई गुरुवारी गेल्या होत्या, हे मी त्यांच्यापुढं कधी बोलले नाही. खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचायचे. दिवसाला चार पानं, फार तर पाच. पेन्सिल हातात असे, पण ग्रंथालयाच्या पुस्तकात त्यांनी कधी खूण केली नाही. एकदा मी पाहिलं तर ते पुस्तक मिटून त्याची पाठ बघत होते. "बांधणी चांगली आहे," म्हणाले. "आतलं मला लागू पडत नाही."

पाळकसाहेबांनी त्यांना एकदा संधी दिली. पाळकसाहेब चांगले होते, थकलेले होते, तीन भाषांच्या तीन मंडळ्या सांभाळायचे. म्हणाले, येत्या रविवारी तुम्ही उपदेश करा. आढावांनी शेवटच्या तासाला कामावर येऊनही पूर्ण मजुरी मिळालेल्या मजुरांचा दाखला निवडला. अकरा पानं पेन्सिलनं लिहून आणली. उपासनेआधी मला दाखवली. अक्षर सरळ, एकेक ओळ आखल्यासारखी. चांगलं लिहिलं होतं. मी ते वाचलं आहे म्हणून सांगते, खरंच चांगलं होतं.

उभे राहिले. पहिलं पान नीट वाचलं. मग त्यांनी उपदेशाच्या मेजावर हात टेकला आणि मेज हललं. ते थांबले. पुन्हा हात टेकला, पुन्हा हललं. मी मनात म्हटलं, नका. पण त्यांनी वाकून पाहिलं, हातातल्या एका पानाची घडी घातली, तिची परत घडी घातली आणि मेजाच्या उजव्या पायाखाली सारली. हात टेकून खात्री केली. मग उभे राहून पुढं वाचू लागले, तर ते तिसरं पान होतं. दुसरं मेजाखाली गेलं होतं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आढावांनी हातातली पानं सारखी केली. वाकून ते पान परत काढता आलं असतं. पण त्यांच्या हाताला ते पटलं नसावं. जे पक्कं बसलं ते परत कसं हलवायचं? शेवटी म्हणाले, "प्रार्थना करू या," आणि प्रार्थना न करता खाली येऊन बसले.

पुढं पाळकसाहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मेज मात्र परत हललं नाही.

पेट्यांचं काम त्यांच्याकडं आलं ते मागून घेतलेलं नव्हतं. येलहंक्याला आमच्यातला एक म्हातारा सैनिक एकटा राहायचा. तो गेला तेव्हा पेटी आणणारं कुणी नव्हतं. पाळकसाहेब आढावांकडं गेले. रूथबाईंच्या पेटीचा प्रसंग सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळं विचारताना ते अडखळले म्हणे. आढावांनी आत जाऊन ती लांब पट्टी कपड्यात गुंडाळली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली, आणि चामराजपेटेतल्या दुकानातून शिंप्याची साधी टेप विकत आणली. दुसऱ्या दिवशी पेटी तयार होती. त्यानंतर मंडळीत कुणी गेलं की त्यांच्याकडेच निरोप जायचा. हळूहळू इतरांचाही. आधी आमचे, मग ज्यांच्यामागं कुणी नाही असे कुठल्याही मंडळीतले. खोक्यांचं सिल्व्हर ओक लाकूड, आतून मांजरपाट, झाकणावर दोन पट्ट्यांचा क्रूस. खिळा वापरत नसत, सगळीकडं स्क्रू. "खिळा ठोकताना आवाज होतो," म्हणायचे. "घरातले ऐकतात."

शेड त्यांनी भाड्यानं घेतली होती ती तुळजोजीरावांच्या उदबत्तीच्या दुकानामागं. तुळजोजीरावांचं घराणं कैक पिढ्यांपासून बंगळूरचं, त्यांची मराठी आम्हाला अर्धी कळायची. एकदा ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आढाव अण्णा, स्वल्प विचार करा की हो! मी देवाची उदबत्ती विकतो, तुम्ही मागं हे करताय. गिऱ्हाईक आत डोकावून बघतं आणि तसंच पळतं."

"मग उभ्या करून ठेवू का, अण्णा? वर चादर टाकतो."

"सरी, सरी. उभ्या करा."

पुढच्या महिन्यात तुळजोजीरावच हसत हसत मला सांगू लागले, "अक्का, काय सांगू तुम्हाला. काल एक बाई आली, चादर उचलून म्हणते, कपाट बरं आहे, आत फळ्या किती? आणि आमचे आढाव अण्णा काय म्हणतात? एकच, आणि ती माणसाची." ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "चांगला माणूस आहे. पण असा तोंड पाडून का असतो? काम तर पुण्याचं करतो."

तेच पाळकसाहेबांनीही एकदा त्यांना सांगितलं. उपासनेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर, मी बाजूला गाण्यांची पुस्तकं मोजत होते.

"आढाव, तुम्ही पाचारण शोधताय. अहो, हेच ते. प्रभूनं तुम्हाला हेच दिलंय."

आढाव सहसा उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "साहेब, मग ते सुरू कधी झालं म्हणायचं? रूथची पेटी अडकली तेव्हा? मला कामाला लावायला त्यानं तिला नेलं म्हणायचं का?"

"तसं नाही मी म्हणत."

"हे काम आहे साहेब. हाताला येतंय म्हणून करतो. त्याला देवाचं नाव नका देऊ. ते नाव दिलं तर मला देवाशी बोलता येणार नाही."

मी पुस्तकं पहिल्यापासून मोजली. आढावांच्या ह्या बोलण्याला आजही कार्डांच्या खणात शब्द नाही.

आई आजारी पडली ती पावसाळ्यानंतर. चार महिने ती आटत गेली. आढाव दर दोन दिवसांनी संध्याकाळी येऊन पलंगाजवळ बसायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा अंगठा सवयीनं पलंगाच्या लोखंडी कडेवरून फिरला आणि आईनं डोळे उघडले.

"माप घ्यायला आलास काय रे?"

"नाही हो मावशी. भेटायला आलो."

"मेल्या, खोटं बोलतोस आणि उपदेशक व्हायला निघाला होतास." आईला हसताना खोकला आला. मी पाणी दिलं. मग ती म्हणाली, "घे माप. लाजतोस कशाला? एवढा वेळ पलंगावर पडून आहे, हलते पण नाही. तुला असं गिऱ्हाईक कुठं मिळायचं?"

"आई!" मी म्हटलं.

"तू गप गं, सुमे. प्रभाकर, एक सांगते. मला अवघडलेलं आवडत नाही. मिशनच्या बोर्डिंगात आम्हा दोघी पोरींना एक खाट होती. लग्न झालं तर ह्यांच्याकडं दहा माणसं एका खोलीत. जन्मात पाय लांब करून झोपले नाही मी. तेवढं बघ."

"बघतो, मावशी."

"नुसतं बघतो म्हणू नकोस."

"पाय लांब होतील," आढाव म्हणाले.

आई डिसेंबरात गेली. पेटी दुपारी आली. आढावांनी आणि तुळजोजीरावांच्या माणसानं ती दारातून आत घेतली, आईला आत ठेवलं. मी पायांशी उभी होते. आईचे पाय सरळ होते आणि टाचांच्या पुढं फळीपर्यंत जागा होती. फार नव्हती. माझं बोट आडवं घातलं तर वर थोडी उरली असती. मला कळलं की त्यांनी ट्रंक उघडली होती. शिंप्याच्या टेपनं माप घेतलं होतं आणि लाकूड त्या लांब पट्टीनं कापलं होतं. पाच फुटांमागं सव्वा इंच.

त्या चार महिन्यांत मला कुणी कुणी काय काय सांगितलं होतं. वचनं वाचून दाखवली होती, पत्रं पाठवली होती. त्यातलं काही माझ्या आत पोचलं नाही. ती सव्वा इंच जागा पोचली. मी तिच्याकडं बघत राहिले आणि मला बऱ्याच दिवसांनी नीट श्वास घेता आला. हे मी आढावांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही सांगितलं कारण लोक होते. पुढं नाही सांगितलं कारण पायऱ्यांवरचं त्यांचं बोलणं मी ऐकलं होतं. तुमच्या त्या पट्टीनं मला सावरलं, हे म्हणजे रूथबाईंची अडकलेली पेटी पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवण्यासारखंच होतं. असं मला वाटलं. कदाचित मला बोलायचं धैर्य नव्हतं आणि हे मी नंतर शोधलेलं कारण असेल.

त्यानंतरच्या सगळ्या पेट्या त्यांनी लांब पट्टीनंच केल्या. त्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. मला शेडमधल्या टेबलावर पट्टी दिसायची, तेवढंच.

दोनेक वर्षांनी आमची दुपारची उपासना बंद झाली. देवळाच्या मंडळीला ती वेळ स्वतःच्या तरुणांसाठी हवी होती, आणि आम्ही तरी उरलो होतो किती. सहा घरं. शेवटच्या रविवारी आढावांनी बाकावरून अंगठा फिरवला, बसले नाहीत, उभ्यानं उपासना ऐकली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चामराजपेटेतल्या बसथांब्यावर, सकाळी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि घडी घातलेले कागद. ती उपदेशाची अकरा पानं असावीत, म्हणजे मेजाखालचं सोडून दहा. देवनहळ्ळीच्या पुढं एका वस्तीत प्रार्थनेची खोली आहे, तिला पाळक नाही, दर रविवारी कुणीतरी आलं तर हवं आहे, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. आधी जाऊन बघून येतो, म्हणाले. चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. वय तेव्हा एकोणसाठ.

"ताई, तुम्ही एवढं वाचलंय. एक विचारू?"

"विचारा."

"मी हात वर केला होता, तो त्यानं पाहिला असेल ना? की तेव्हा पुष्कळांनी केले होते, त्यात राहून गेला असेल?"

मला सव्वा इंच आठवला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. बस वळणावर दिसत होती.

"बस आली तुमची," मी म्हटलं. "उशीर होईल."

ते घाईनं चढले. खिडकीतून त्यांनी मला सलाम केला.

पुढचं मला तुळजोजीरावांनी सांगितलं. वस्ती उठली होती. शेतं विकली गेली होती, जमिनीत ओळीनं दगड पुरून प्लॉट पाडले होते, प्रार्थनेच्या खोलीच्या जागी कंत्राटदाराच्या सिमेंटच्या गोण्या होत्या. आढाव संध्याकाळी परत आले. "विचारलं मी, काय झालं अण्णा. तर म्हणाले, मापं चुकीची नव्हती, जागाच नव्हती. अय्यो, मला काय कळणार?" तिसऱ्या दिवशी तुळजोजीराव शेडचं दार उघडायला गेले तेव्हा आढाव टेबलाशेजारी जमिनीवर पडलेले होते. मी त्या आठवड्यात परगावी होते. परत आले तेव्हा पुरून झालं होतं.

शेडमध्ये तयार पेटी एकही नव्हती. पाळकसाहेबांनी बाजारातल्या दुकानातून आणली, काळी, पितळी कड्यांची. रूथबाईंचीच कबर उघडली. पेटी आत बरोबर बसली, असं मला खणणाऱ्यानं सांगितलं. कुठंही अडकली नाही.

तुळजोजीरावांनी शेड दुसऱ्याला दिली. हत्यारं एका सुतारानं नेली. पट्टी त्याला नको होती, चुकीची आहे म्हणाला. ती माझ्याकडं आहे. ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर असते, कागदावर समास आखायला मी ती वापरते. समास थोडा जास्त सुटतो.